शनिवारचे दोन तास : नववीतल्या मुलाच्या मार्गदर्शन उपक्रमाचा आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही पुण्यात दांडेकर पुलाजवळ राहतो. गेल्या जूनमध्ये मुलगा नववीत गेला आणि शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत मोबाइल घेऊन पडून राहू लागला, तेव्हा त्याच्यासाठी आसपास काही उपक्रम आहेत का, याचा शोध मी सुरू केला. पहिलीच अडचण वयाची निघाली. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात तो लहानपणी आनंदाने जात असे. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयी विचारले की बहुतेक ठिकाणी शिकवणीवर्गाचेच पत्रक हाती ठेवले जाते. दुसरी अडचण आमच्यासारख्यांची. सामाजिक संस्थांचे मोफत उपक्रम वस्तीतल्या मुलांसाठी राखलेले असतात, खासगी व्यक्तिमत्त्व विकास वर्गांचे शुल्क परवडत नाही आणि आमचे घर या दोहोंच्या मधल्या भागात पडते.

तरीही पर्याय नाहीत असे मी म्हणणार नाही. सदाशिव पेठेत १९६२पासून काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीची दले, म्हणजे मुलांचे गट, आहेत. तेथे थोडी मोठी मुले धाकट्यांना सांभाळतात, ही पद्धत मला फार आवडली. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे साने गुरुजी स्मारक तर आमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिकाही आम्ही पाहून आलो. तेथे मुलगा पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारताना दिसला, मात्र विद्यापीठापर्यंत दर आठवड्याला पीएमपीच्या बसने जाणे आमच्या वेळापत्रकात बसले नाही. प्रबोधिनीच्या दलात त्याला पाठवावे असे मला वाटत होते. पण त्याला ‘एवढ्या मुलांत’ जायचे नव्हते. ढोल-ताशा पथकात जायला मात्र तो एका पायावर तयार होता, आणि गणपती संपल्यावर काय, या माझ्या प्रश्नावर रुसला होता.

शेवटी शाळेतल्या पर्यवेक्षिकाबाईंनी एका लहान संस्थेचा उपक्रम सुचवला. दर शनिवारी पाच ते सात या वेळेत, महापालिकेच्या एका शाळेच्या खोल्यांत, दर तीन मुलांमागे एक नोकरी करणारे किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले दादा वा ताई, आणि शुल्क महिना तीनशे रुपये. नाव घालण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारल्या : मार्गदर्शकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते का, कोणतेही मूल एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत बसते का, आणि तक्रार कोणाकडे करायची. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे हे विचारताना संकोच बाळगू नये. समन्वयक ताईंनी न चिडता उत्तरे दिली, पडताळणीची फाइल दाखवली आणि भिंतीवर लावलेला १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांकही दाखवला.

पहिले दोन महिने मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले. मुलगा जाई, येई आणि ‘काय केले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर देई. सप्टेंबरमध्ये एकदा मी त्याला घ्यायला वेळेआधी पोहोचलो. व्हरांड्यात दादा आणि तो एका सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे कोठून येतात ते पाहत होते. भोक सापडल्यावर मुलाने कानसाने रबर घासले, सोल्यूशन लावले, ते वाळेपर्यंत थांबला आणि त्या थांबण्यात, मान वर न करता, घटक चाचणीत गणितात नापास झाल्याचे दादांना सांगितले. मला ते ठाऊक नव्हते. मी जिन्याकडे परत गेलो आणि सात वाजताच वर आलो. घरी त्याने ते सांगेपर्यंत आणखी चार दिवस गेले, आणि ते दिवस मला जड गेले, हेही नमूद करतो.

आता उणिवा. डिसेंबरमध्ये हे दादा नोकरीसाठी हैदराबादला गेले. संस्थेने आम्हाला आधी कळवले नाही. मुलांना त्याच शनिवारी समजले. पुढचे पाच आठवडे दर वेळी नवा चेहरा येत होता आणि मुलगा पुन्हा ‘काही नाही’वर आला. मार्गदर्शकाला किमान एक वर्ष बांधून घेणे आणि जाणार असेल तर निरोपाची ठरवून भेट घडवणे, हे संस्थेला अवघड नव्हते. दुसरे, देणगीदार कंपनीची माणसे येणार म्हणून दोन शनिवार छायाचित्रांत गेले. आमच्या शेजारणीची मुलगीही येत होती. हिवाळ्यात सातला अंधार पडू लागल्यावर तिचे येणे बंद झाले. वेळ अर्धा तास अलीकडे घेण्याची विनंती आम्ही लेखी दिली आहे, उत्तर आलेले नाही.

नवे पालक चौकशी करणार असतील, तर खेळ कोणते आणि सहली किती, हे नंतर विचारावे. सध्याचे मार्गदर्शक किती महिन्यांपासून येत आहेत आणि आधीचे का गेले, हे प्रथम विचारावे; मी ते विचारले नव्हते. तसेच एखादे सत्र दारातून पाहू द्या, असे म्हणावे.

फेब्रुवारीपासून नवे दादा नेमले गेले आहेत. दहावीचे वर्ष म्हणून जूनपासून हे बंद करावे, असे घरात बोलणे झाले, तेव्हा मुलाने शनिवार सोडून बाकी कोणत्याही दिवशी शिकवणी लावा, असे सांगितले. त्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे नाव नोंदवले आहे. नव्या दादांना पंक्चर काढता येत नाही. ते काम तूर्त मुलगाच त्यांना शिकवतो आहे.