कवितांचे छापील तक्ते: पहिली-दुसरीच्या वर्गासाठी घ्यावेत का?

जून उजाडला की शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत कवितांचे तक्ते लटकू लागतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर निवडताना गोंधळायला होईल. साधारण माप २० बाय ३० इंच, वर-खाली पट्टी, टांगायला दोरी. दिसायला झकास, पण वर्गात उपयोगी पडतील असे त्यात थोडेच.

पहिली अडचण चित्राची. ससा, ढग, इंद्रधनुष्य यांनी निम्मा तक्ता व्यापला की कविता कोपऱ्यात अर्ध्या इंचाच्या अक्षरांत उरते. मागच्या रांगेतल्या मुलाला त्यातला अनुस्वार दिसत नाही, काना आणि वेलांटीतही गफलत होते. अक्षर निदान १ इंच हवं आणि दोन ओळींमध्ये तेवढीच जागा, कारण मात्रा-उकार वरखाली जागा खातात. म्हणजे ८ ओळींना १६ इंच गेले. उरलेल्या १४ इंचांत काय ते चित्र आणि शीर्षक. बारा-सोळा ओळींची कविता एका तक्त्यावर कोंबलेली असेल तर घेऊ नका.

त्याहून वाईट म्हणजे जागेसाठी तोडलेली ओळ. ‘ये रे ये रे पावसा’ला चार टाळ्या पडतात: ये रे, ये रे, पाव, सा. ‘पावसा’ खालच्या ओळीत ढकलला की बोट ठेवून वाचणारं मूल मध्येच थांबतं आणि ताल सुटतो. शिवाय ‘पावसा’ आणि ‘पैसा’ एकाखाली एक येत नाहीत, मग यमक डोळ्यांना दिसणार कसं? काही तक्त्यांवर ल आणि श हिंदी वळणाचे असतात. नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला ते परकेच वाटतात.

फ्लेक्स की लॅमिनेशन? फ्लेक्स फाटत नाही, पावसाळ्यात ओलीतही टिकतो. पण त्यावर मार्कर पुसला जात नाही, डाग राहतो. लॅमिनेशनवर व्हाइटबोर्डचा मार्कर सहज पुसतो. मात्र खिडकीसमोर लावलं तर चकाकतं, आणि एखादी कड सुटली की आत पाणी शिरून कागद फुगतो. वर्गकामासाठी आमचं मत लॅमिनेशनला.

तक्त्यांवरच्या क्यूआर कोडवरची गाणी फारशी कामाची नाहीत. चाल जलद, वाद्यं मोठी, दोन ओळींच्या मध्ये मुलांनी म्हणायला उसंतच नाही. शिक्षकांचा आवाज बेसूर असला तरी चालतो, तो मुलांसाठी थांबतो तरी!

तक्ता चांगला निघाला तरी पहिल्या दिवशी टांगू नये. आधी नुसतं ऐकणं: शिक्षकांनी एक ओळ म्हणायची, मुलांनी मागून. दुसऱ्या दिवशी टाळ्या आणि हावभाव. कविता तोंडात बसली की मग तक्ता, आणि पट्टीने एकेक शब्द दाखवत वाचन. इथे एक फसगत ठरलेली: मुलं पाठ असलेलं म्हणतात आणि आपल्याला वाटतं वाचतायत. म्हणून मधल्याच शब्दावर पट्टी ठेवून विचारा. मूल पहिल्यापासून पुटपुटत तिथवर आलं, तर तो शब्द अजून ओळखीचा झालेला नाही.

पुढे कार्डशीटच्या २ बाय ४ इंचाच्या तुकड्याने ओळीचा शेवटचा शब्द झाका. मुलं तो सांगतीलच. मग तिथे बसेल असा दुसरा शब्द मागा. ‘पैसा’च्या जागी ‘मासा’ आला, ‘ससा’ आला, तर लिहून घ्या. अर्थ विचित्र झाला तरी लगेच दुरुस्त करू नका, आधी टाळ्या जुळतात का ते वर्गालाच म्हणून पाहू द्या. हा खेळ तक्त्यांच्या संचातल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोलाचा, आणि त्याला लागतो फक्त पुसता येणारा पृष्ठभाग.

संच घ्यायचाच तर सगळा उघडून पाहा. वरचा एकच तक्ता बघून पैसे देऊ नका. सोबत मोजपट्टी न्या. दोन-तीनच कविता हव्या असतील तर कार्डशीटवर जाड मार्करने लिहून वरून लॅमिनेशन करून घेणं परवडतं, ओळीही आपल्या मनासारख्या तोडता येतात. टांगताना खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे सतरंजीवर बसलेल्या मुलांना मान फार वर करावी लागत नाही आणि उभं राहिलं की शेवटच्या ओळीपर्यंत हात पोचतो.