इजिप्तची पिवळी शवपेटी रंगवायची तर आजची छटा घ्यावी की तेव्हाची?

इजिप्तच्या २१व्या राजवंशातल्या पिवळ्या शवपेटीची प्रतिकृती करायची, तर ब्रश उचलण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागते. पेटी आज काचेआड दिसते तशी रंगवायची, की इ.स.पू. १०००च्या सुमारास थीब्ज (आजचं लक्सर) इथल्या कारागिरानं हातावेगळी केली तेव्हा दिसत असेल तशी? १८९१ साली थीब्जजवळच्या देर अल-बहरीला बाब अल-गसूस नावाच्या एकाच भुयारात अमुन या देवाच्या पुजारी घराण्यांतल्या दीडशेवर व्यक्तींच्या पेट्या सापडल्या. त्यातल्या अनेक पुढे जगभर वाटल्या गेल्या, त्यामुळे फोटो भरपूर मिळतात.

आजची छटा सोपी आहे. समोर ठेवून जुळवता येते, कुणी हुज्जत घालत नाही. पण फोटोत दिसतो तो नुसता रंग नसून रंग आणि त्यावरचं रोगण यांची बेरीज असते. रोगण म्हणजे पिस्त्याच्या कुळातल्या झाडाची राळ. काळाबरोबर ती मधासारखी गडद झाली. तिच्याखालचा पांढरा पिवळा दिसतो आणि निळा चक्क हिरवा. रोगण कुठे जाड, कुठे ओघळलेलं, कुठे फक्त आकृतीपुरतं फिरवलेलं असतं. त्यामुळे एकाच रांगेतल्या दोन चित्रलिपी-चिन्हांचा निळाही वेगळा भासतो.

मग मनातल्या मनात रोगण पुसलं की जुनी छटा मिळाली? इतकं सरळ नाही. ही राळ गरम करून, पातळ करून लावली असावी असं अभ्यासक मानतात, आणि तापवली की ती पिवळसर होते. म्हणजे थोडा पिवळेपणा पहिल्या दिवसापासूनच होता. देवांचं अंग सोन्याचं, अशी तिथली समजूत. तेव्हा तो हवाहवासाही असेल. पांढऱ्याशुभ्र भूमीवरची (म्हणजे चित्रांमागच्या पार्श्वभूमीवरची) पेटी मला तरी आजच्या पेटीइतकीच चुकीची वाटते.

रंगाचं म्हणाल तर गेरू, पिवडी आणि काजळीचा काळा यांची चिंता नको, ते जवळपास तसेच आहेत. खरा घोळ हरताळ (पिवळा) आणि मनशीळ (नारिंगी-लाल) या खनिज रंगांचा. दोन्ही आर्सेनिकची सल्फाइडं, दोन्हींना उजेड सोसत नाही. हरताळ फिकटत पांढुरका होतो, तर मनशिळीचा नारिंगी-लाल पिवळ्यात उतरतो. आज पिवळी दिसणारी एखादी पट्टी तेव्हा नारिंगी असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळणार नाही. इजिप्शियन निळा मात्र पक्का. वाळू, चुना, तांबं आणि क्षार भाजून केलेली ती भुकटी लाल उजेडात धरली की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडते. साध्या डोळ्यांना हिरवट वाटणाऱ्या जागी विशेष कॅमेरा निळ्याचे कण लख्ख दाखवतो. तांब्याचे काही हिरवे मात्र तपकिरीकडे झुकलेले असतात.

एक सोय पेटीतच आहे. कित्येक पेट्यांच्या आतल्या बाजूला रोगणच नाही. तिथला निळा निळाच दिसतो. ममीवर ओतलेल्या तेला-राळेचे डाग तेवढे वगळायचे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा अमुक संग्रहालयातली अमुक पेटी म्हणून करत असाल, तर आजची छटा घ्या. कारागिरी समजून घ्यायची असेल तर जुनी. त्यासाठी निळा निळाच लावा, भूमी फिकट पिवळी ठेवा आणि वरून पिवळसर, पारदर्शक रोगणाचा एकच पातळ हात द्या, तोही थोडा ओबडधोबड.