पुण्यातून भाड्याची कॅरावॅन: साठीनंतरच्या प्रवाशांनी नेमकं काय बघावं

पुण्यात भाड्याने मिळणाऱ्या कॅरावॅनपैकी बऱ्याचशा फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. पुढे चालक, मागे दोन-चार सीटा, एक पलंग, छोटा ओटा, फ्रीज, कमोडचं बाथरूम, छतावर एसी आणि सोलर पॅनेल. जाहिरातीत एसी, टीव्ही आणि संध्याकाळचे रंगीत दिवे पुढे असतात. साठी ओलांडलेल्या जोडप्याला मात्र या गाडीतून दोन गोष्टी मिळतात आणि त्या दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळत नाहीत: हाताशी स्वच्छ संडास आणि दुपारी जेवण झाल्यावर पाठ टेकायला जागा. प्रोस्टेट, मधुमेह, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या यांमुळे ज्यांनी लांबचा प्रवासच सोडून दिला, त्यांच्यासाठी ही गाडी खरोखर मोलाची आहे. म्हणून गाडी पसंत करताना आधी संडास बघा, मग पलंग, मग वीज. टीव्ही बघितला नाही तरी चालेल.

संडास दोन तऱ्हेचे असतात. एकात कमोडखाली काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात; साधारण 17 ते 20 लिटरची. दुसऱ्यात गाडीखाली पक्की टाकी असते. टाकी मोठी असली तरी ती रिकामी कुठे करणार, याचं धड उत्तर गाडीवाल्याकडे नसेल तर ती गाडी नको. कॅसेटचा हिशेब असा: दोघांची दिवसाची लघवी तीन-चार लिटर, प्रत्येक वेळी अर्धा लिटर पाणी सोडलं तरी त्याचे आणखी पाच-सहा लिटर, म्हणजे दोन दिवसांत पेटी भरली. माहितीपत्रकात मात्र तीन-चार दिवस लिहिलेलं असतं, कारण तो आकडा कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे जेट असतो. जेट मोकळा सोडला की एकेका वेळेला लिटरभर पाणी सहज जातं आणि पेटी दुसऱ्या दिवशी सकाळीच भरते. जेटऐवजी पाण्याचा छोटा मग वापरला तर दोन दिवस नीट निघतात.

भरलेली पेटी वीस किलोच्या आसपास जाते. सत्तरीच्या माणसाने ती वाकून ओढायची नाही. पेटी रिकामी करणं हे चालकाचं किंवा मदतनिसाचं काम आहे, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या; तोंडी ठरलेलं वाटेत विसरलं जातं. पेटी साध्या संडासातच रिती करायची, ओढ्यात किंवा बांधावर नाही. तिथेही एक अडचण येते. पेटीत घालायचं औषध फॉर्मल्डिहाइडचं असेल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि शेतावरच्या छोट्या टँकचं काम बिघडतं. त्यामुळे मुक्कामाचा मालक नाही म्हणाला तर त्याचं चुकत नाही. एन्झाइमवालं औषध मागून घ्या. वास येत असेल तर दोष बहुतेकदा पेटीच्या झडपेवरच्या रबराचा असतो. रबर सुकतं, झडप नीट बसत नाही. त्यावर सिलिकॉन स्प्रे मारायचा. व्हॅसलिन लावू नका, रबर फुगून पेटी गळायला लागते.

आता चढणं-उतरणं. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. एक फुटाच्या वर असेल तर गुडघे बोलतात. रुंद, न घसरणारं स्टूल बरोबर ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडा हवा, एका बाजूचा पुरत नाही, कारण चढताना उजव्या हाताला येणारा दांडा उतरताना डाव्या हाताला येतो. बाथरूमचा उंबरा पाय अडखळेल इतका उंच असतो आणि आतली फरशी आंघोळीनंतर निसरडी होते. रबरी जाळीची चटई घाला. पलंगाला दोन्हीकडून उतरता येतं का, तेही बघा. भिंतीला चिकटलेल्या पलंगावर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री दोनदा उठायचं असेल तर दोघांचीही झोप मोडते. वरचा बर्थ नातवंडांसाठी, आपल्या हिशेबात तो धरू नका.

गाडी चालू असताना पलंगावर कुणीही झोपायचं नाही आणि संडासाला उठायचं नाही. थांबायला सांगायचं. आडव्या सोफ्याला पट्टा नसतो. पुढे तोंड केलेल्या, पट्टा असलेल्या सीटा जेवढ्या, तेवढीच माणसं न्यावीत, मग गाडीवाला सहा जण झोपतात असं का सांगेना.

विजेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. छतावरचा एक टनाचा एसी हजार ते बाराशे वॅट खातो. गाडीत 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची साधी बॅटरी असेल तर तिच्यात एकूण 1800 वॅट-अवर असतात, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे 900. त्यावर एसी तासभरही चालत नाही. लिथियम बॅटरी त्याच आकाराची असली तर दीड तास धरा. रात्रभर एसी हवा असेल तर मुक्कामाला प्लग पाहिजेच. इंजिन चालू ठेवून त्यावर एसी लावून झोपणं जीवघेणं आहे, धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. कुणी तसं सुचवलं तर ठाम नकार द्या. खरं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एसीची गरजच पडत नाही, पंखा पुरतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची गाडी दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तेव्हा ही सहल काढूच नका.

त्याच बॅटरीवर आपली खरी गरज मात्र आरामात भागते. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांनी लावायचं सीपॅप यंत्र, त्यातलं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर बंद ठेवलं तर, साधारण 30 ते 60 वॅट घेतं. आठ तासांचे 240 ते 480 वॅट-अवर. ते इन्व्हर्टरमधून न चालवता कंपनीच्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर लावा, इन्व्हर्टरमधली गळती वाचते.

इन्सुलिनचं बघा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं, पुन्हा वितळवून उपयोग नाही. गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या थंड पत्र्याजवळ तापमान शून्याखाली जातं. म्हणून पेन रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, पत्र्यापासून लांब ठेवा, आणि डब्यात छोटा थर्मामीटर टाका.

बॅटरी शाबूत आहे का, हे यार्डातच कळतं. भाड्याची गाडी दोन सहलींच्या मध्ये नुसती उभी असते आणि उभ्या गाडीची साधी बॅटरी आतून खराब होते. बाहेरचा प्लग काढायला सांगा, फ्रीज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप अर्धा तास चालवा, मग सगळं बंद करून थोड्या वेळाने व्होल्टेज बघा. साध्या बॅटरीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. अर्ध्या तासात निम्म्यावर आली तर ती रात्र काढणार नाही. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत 13 च्या आसपास रेंगाळतं, तिथे टक्केवारी दाखवणारा मॉनिटर लागतो. उभ्या गाडीचे टायरही झिजत नाहीत पण जुने होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचे टायर असतील तर दुसरी गाडी मागा, नक्षी कितीही खोल दिसली तरी.

नंबरप्लेटवरही नजर टाका. चालकासह भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी नोंदणी. अपघात झाला तर विमा कंपनी अडवते. स्वतः चालवणार असाल तर परवान्याची तारीख आधी बघा. पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा नमुना 1अ लागतो. 7,500 किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही आमचं मत चालक घ्यावा असंच आहे. पाणी भरलेली ही गाडी घाटात उतरवणं हे मोटारीसारखं नाही. ज्या गियरमध्ये चढली त्याच गियरमध्ये उतरवायची. नुसत्या ब्रेकवर सोडली की ब्रेक तापून पकड जाते.

रस्ता निवडताना म्हणूनच घाट टाळा. दोन रात्रींसाठी सगळ्यात चांगलं भिगवण. सोलापूर रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर, एकही घाट नाही. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी असतात, सकाळी लवकर होडी मिळते आणि दुपारी चिलापीचं कालवण. कुंभारगावाकडे वळल्यावर रस्ता अरुंद होतो आणि तारा खाली लोंबतात. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची चालकाला पाठ हवी, तीन मीटरच्या आसपास असते.

दुसरं ठिकाण वाई. अंतर 90 च्या घरात, जाताना खंबाटकी लागतो, पण रस्ता रुंद आहे. गाडी ढोल्या गणपतीच्या गल्लीत घालायची नाही. गावाबाहेर लावून रिक्षाने नदीच्या घाटावर जा. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईहून आणलेली मोठी घंटा बघायला अर्धा दिवस पुरतो, मात्र नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना काठी हवी. पाचगणीला जायचंच असेल तर कॅरावॅन वाईत ठेवून टॅक्सीने जा. शनिवार-रविवारी पसरणी घाटात वाहनं खोळंबतात आणि अशी मोठी गाडी मधेच वळवता येत नाही. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो, त्याचा विचार सोडून द्या.

राज्याने 2021 मध्ये कॅरावॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात पार्किंगच्या जागांची तरतूद आहे. प्रत्यक्षात अजून बहुतेक वेळा कृषी पर्यटन केंद्राचं किंवा रिसॉर्टचं अंगणच शोधावं लागतं. फोन करताना तीन गोष्टी विचारा: 16 अँपिअरचा सॉकेट आहे का, अर्थिंग आहे का, जमीन सपाट आहे का. एक चाक पाच सेंटीमीटर खाली असलं तरी गाडी पावणेदोन अंश कलते आणि बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येतं. चाकाखाली घालायला फळ्या ठेवा, आणि थोडा कल उरलाच तर डोकं उंच बाजूला करून झोपा.

मित्रमंडळी मिळून दोन-तीन गाड्या नेणार असाल तर विजेचं आधीच बोलून ठेवा. एका 16 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला जेमतेम 3.6 किलोवॅट मिळतात. एसीचे 1.2 आणि गिझरचे 2 मिळून 3.2 झाले, त्यात कुणी चहासाठी इंडक्शन लावलं की एमसीबी पडलाच. दोन गाड्या एकाच बोर्डावर जोडू नका, आणि गिझर पाळीपाळीने लावा. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, तीही पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळीत ठेवलेली वायर तापून तिचं आवरण वितळतं. संध्याकाळी गावात व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की एसीचा कॉम्प्रेसर गुरगुरतो पण सुरू होत नाही. तो लगेच बंद करा आणि व्होल्टेज सुधारल्यावर लावून बघा.