सिम्बॉल फॉन्टनं एकदा घात केला, तरी सात महिन्यांनी तेच वापरतोय

टॉवेलच्या एका व्यापाऱ्याची पंचवीस बिलबुकं छापून आली आणि प्रत्येक पानावर मोबाईल नंबराच्या आधी टेलिफोनच्या चित्राऐवजी नुसता उघडा कंस. ई-मेलपुढं पाकीट हवं होतं, तिथं चांदणी (*). माझ्या स्क्रीनवर दोन्ही चित्रं व्यवस्थित होती, त्यामुळं पहिली तोंडातोंडी प्रेसवाल्याशी झाली. "मालक, फाईलमध्ये जे आलं तेच छापलं," एवढंच तो म्हणत राहिला. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्या बुकांचा कागद माझ्या खिशातून गेला, ते अजून डाचतं.

चूक माझीच होती. ती चित्रं मी नेटवरून उतरवलेल्या एका फुकट सिम्बॉल फॉन्टमधून, म्हणजे अक्षरांऐवजी चित्रं असलेल्या फॉन्टमधून, टाईप केली होती. त्याची मांडणी विंडोजमधल्या विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टसारखी होती: उघड्या कंसाच्या कीवर टेलिफोन, चांदणीच्या कीवर पाकीट. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरनं दुसरा लावला आणि मागचं मूळ अक्षर उघडं पडलं. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या फॉन्टमधली फाईल फॉन्टशिवाय उघडली की जी गिचमीड दिसते, तोच प्रकार. रुपयाचंही तसंच. २०१० च्या जुलैमध्ये ₹ जाहीर झालं, तेव्हा नेटवर आलेल्या फॉन्टमध्ये ते टॅबच्या वरच्या कीवर बसवलं होतं. त्या काळातल्या दरपत्रकांत आजही आकड्याआधी बारीक तिरकी रेघ (`) दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या यादीनं, ₹ ला स्वतःची जागा दिली, म्हणून आता फॉन्ट बदलला तरी त्याचं दुसरं अक्षर होत नाही.

त्या दिवशी सगळे सिम्बॉल फॉन्ट उडवून टाकायचं ठरवलं होतं. माझं मत फिरलं ते रेडियमच्या, म्हणजे काचेवर चिकटवायच्या स्टिकरच्या, कामामुळं.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी स्टॉलच्या काचांची कामं येतात. एकाला कोपऱ्यात पानाफुलांची वेल हवी होती. नेटवरची जेपीजी ट्रेस केली, म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्राच्या कडा रेघांत काढून घेतल्या, आणि प्लॉटरवर, म्हणजे रेडियम कापणाऱ्या मशीनवर, लावली. पातं दर मिलिमीटरला अडखळत होतं. कट झाल्यावर रेडियम सोलायला घेतलं तर पानांची टोकं बॅकिंगवरून उचलून येऊ लागली. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या रेघांत, पाहिलं तर एका पानात एकशे चाळीसच्या वर नोड, म्हणजे रेघेला आकार देणारे बिंदू. मग एका डिंगबॅट फॉन्टमधलं (हाही चित्रांचाच फॉन्ट) जवळपास तसंच पान टाईप केलं, कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह केलं, म्हणजे अक्षराची नुसती आकृती केली, मग फॉन्टची गरज उरत नाही. नऊ नोड! पातं एका दमात वळसा घेऊन आलं आणि टोक सुईसारखं निघालं. दीड फुटी वेल चार मिनिटांत सोलून झाली. त्यानंतर प्लॉटरसाठी मी ट्रेसिंग जवळजवळ बंदच केलं.

याचं कारण फॉन्ट बनवणाऱ्यांच्या मेहनतीत आहे. हरमन झॅपसारख्या अक्षरकारानं डिंगबॅट्स काढली ती १९७८ च्या सुमारास. विंगडिंग्ज आलं १९९० साली, बिगेलो आणि होम्स यांच्या ल्युसिडा चिन्हांतून. ही माणसं अक्षराचा वळसा कमीत कमी बिंदूंत बसवण्यात मुरलेली, आणि कात्री असो की फूल, तीच शिस्त त्यात उतरते. विकतच्या क्लिपआर्टच्या सीडीवर मी पूर्वी पैसे घातलेत, त्यातली अर्धी चित्रं ट्रेस केलेलीच होती.

खरी डोकेदुखी चिन्ह शोधण्याची. कोणत्या कीवर काय आहे हे आठवत नाही आणि फॉन्टच्या नावावरून काही कळत नाही. कोरलमध्ये कंट्रोल एफ ११ नं तक्ता उघडतो, पण चाळीस फॉन्ट एकेक करून बघताना गिऱ्हाईक कंटाळून चहाला जातं. मी प्रत्येक फॉन्टचा तक्ता उरलेल्या ए-फोर कागदांवर छापला, प्रत्येक चिन्हाखाली त्याची की, आणि काउंटरमागं चिकटवला. आता गिऱ्हाईक स्वतः बोट ठेवतं. युनिकोडवाल्या फॉन्टमध्ये शोधणं त्यापेक्षा सोपं, कारण तिथं चिन्हाचा क्रमांक पक्का असतो. कात्री २७०२, ती गुगलच्या नोटो फॉन्टमध्येही त्याच क्रमांकावर. शिवाय नोटोचा ओपन फॉन्ट परवाना धंद्याच्या कामालाही चालतो. नाहीतर फुकट म्हणून उतरवलेल्या कित्येक फॉन्टसोबतच्या मजकुरात 'फक्त खासगी वापरासाठी' लिहिलेलं असतं. असे अकरा फॉन्ट मी काढून टाकले.

कर्व्ह केल्यावर कंट्रोल के मारून तुकडे करू नका. फुलाची मधली भोकं भरून काळा ठिपका उरतो, मग कंट्रोल एल नं परत जोडत बसावं लागतं. आणि कर्व्ह करण्याआधीची फाईल वेगळी ठेवा, कारण नंबर बदलायचा झाला तर कर्व्हमध्ये तो टाईप करता येत नाही.

टॉवेलवाल्यांनी गेल्या महिन्यात पुन्हा बिलबुकं टाकली. प्रेसला पाठवायच्या फाईलमध्ये कंट्रोल ए, कंट्रोल क्यू केलं आणि पहिलं पान छापून आल्यावर टेलिफोनवर बोट फिरवून पाहिलं.