दहिसर नदीचा पाणलोट आखायला सर्व्हे ऑफ इंडियाची नकाशाची शीट कितपत पुरते?

१:५०,००० ची ४७ए/१६ ही शीट नोंदणी केली की पीडीएफमध्ये फुकट मिळते. बोरिवलीच्या जंगलातल्या भागासाठी एकदम उत्तम. पण शीटची वरची कड १९°१५′ वर, म्हणजे दहिसर स्टेशनाजवळच संपते. खालच्या टप्प्यासाठी ४७ए/१५ जोडावीच लागते.

छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा. नकाशावरच्या मापपट्टीचा १ किमी बरोबर २ सेंमी भरला पाहिजे, नाहीतर पुढची सगळी मापं चुकतात. समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) टोकं उगमाकडे वळलेली दिसली की तो ओढा, उताराकडे वळलेली दिसली की सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार. पेन्सिल सोंडेवरूनच न्यायची, रेषांना काटकोनात छेदत; दुभाजकाने (पाणलोटाच्या हद्दीच्या रेघेने) ओढा ओलांडला तर तिथेच खोडा. मग ट्रेसिंग आलेखकागदावर ठेवून चौकोन मोजा: १ चौ. सेंमी म्हणजे २५ हेक्टर. कोरडे ओढे काळ्या रेघेने दाखवलेत, निळ्याच रेघा पाहणाऱ्याचे अर्धे फाटे सुटतात.

खरी फसगत तुळशीपाशी. नदी तुळशी तलावातून निघते असं सर्रास लिहितात, पण तलाव भरला की सांडवा विहारकडे जातो. म्हणून तलावामागचा भाग वेगळाच मोजलेला बरा.

हायवेच्या पश्चिमेला मात्र शीट निरुपयोगी. दर २० मीटर उंचीला काढलेल्या समोच्च रेषा तिथे जवळपास नाहीतच, आणि पाणी उतारापेक्षा गटारांचं ऐकतं. तिथे पालिकेचा पर्जन्यजलवाहिन्यांचा नकाशाच हवा.