फिरत्या गिअरवर बल लावताना प्रोजेक्ट क्रोनो कसं वाटतं

भोसरी-चाकणच्या छोट्या गिअरबॉक्सवाल्यांनी आणि बाहा या विद्यार्थी स्पर्धेची ऑफ-रोड गाडी बांधणाऱ्या पुण्यातल्या कॉलेज टीमनी प्रोजेक्ट क्रोनो, म्हणजे यंत्रांची हालचाल आणि बलं संगणकावर काढणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर, जरूर वापरावं. परवाना बीएसडीचा, म्हणजे मुक्त-स्रोत, त्यामुळे खर्च शून्य. सी++ जमत नसेल तर पायक्रोनो आहे, पायथॉनमधून सगळं होतं. मात्र गिअरवर बल लावताना इथे होणारी चूक फार फसवी आहे.

एक उदाहरण घेऊ: मॉड्यूल (दातांचं माप) 3, पिनियनला म्हणजे लहान गिअरला 20 दाते, मोठ्या गिअरला 60. पिच त्रिज्या 30 आणि 90 मिमी. पिनियनला 60 न्यूटन-मीटर टॉर्क दिला की दातावर स्पर्शरेषेतलं बल 2000 न्यूटन, 20 अंशांच्या प्रेशर अँगलमुळे (दातावरचं बल स्पर्शरेषेपासून जेवढं कलतं तो कोन) त्रिज्येच्या दिशेने 728, एकत्रित 2128. हे बल पिच बिंदूवर, म्हणजे दोन्ही पिच वर्तुळं टेकतात तिथे, लागतं. दाते येतात-जातात, बिंदू मात्र जागचा हलत नाही.

क्रोनोत बलाचा बिंदू आणि दिशा, दोन्ही बॉडीला (फिरत्या भागाला) बांधायची की वर्ल्डला (स्थिर अक्षांना), हे वेगवेगळं सांगता येतं. दोन्ही बॉडीला बांधली तर टॉर्क बरोब्बर 60 येतो, वेगाचा आलेखही चोख दिसतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. बेअरिंगची रिअॅक्शन काढली की कळतं: 2128 न्यूटन शाफ्टबरोबर गरगर फिरतंय, जणू गिअर अनबॅलन्स आहे. त्यावरून फिट, म्हणजे रिंग किती घट्ट हवी ते, ठरवला तर बल इनर रिंगच्या एकाच जागी लागतंय असं वाटून बेअरिंगची ती रिंग ढिली बसवली जाईल आणि प्रत्यक्षात ती शाफ्टवर सरकेल. बिंदू बॉडीला आणि दिशा वर्ल्डला दिली तर टॉर्क कोनाबरोबर वर-खाली होतो, ही चूक निदान लगेच दिसते. दोन्ही वर्ल्डला, हेच बरोबर.

बल आधी बॉडीला जोडा, मग बिंदू आणि दिशा द्या; बिंदूचं गणित बॉडीच्या फ्रेमवरून होतं. दर टाइम-स्टेपला बल घालायचा अॅक्युम्युलेटर (बलांची बेरीज साठवणारा कप्पा) वापरत असाल तर तो आधी रिकामा करा, नाहीतर दहाव्या स्टेपला 2000 चे 20000 झालेले असतात.

खरं तर गिअर लिंक, म्हणजे दोन गिअरचं गुणोत्तर बांधून ठेवणारी क्रोनोतली तयार जोडणी, वापरली तर दातांचं बल हाताने लावायची गरजच नाही. पिनियनला 60 आणि मोठ्या गिअरला त्याच्या स्वतःच्या फिरण्याच्या विरुद्ध 180 न्यूटन-मीटर द्या, प्रेशर अँगल भरा. बल लिंक स्वतः काढते. वरून हाताने घातलं तर दुप्पट मोजलं जातं. लिंक शाफ्टना जागेवर धरत नाही, रिव्हॉल्यूट जॉइंट (फक्त फिरू देणारे सांधे) वेगळे लावा. गुरुत्व बंद ठेवून पिनियनच्या जॉइंटवर 2128 येतंय का, एवढं तपासा. ड्रॉइंग मिमीमध्ये असेल तर आधी मीटर करा. क्रोनो एकक विचारत नाही.

दातांचा आवाज शोधायचा असेल तर लिंक निरुपयोगी, तिच्यात दातांचा कडकपणाच नाही. मग कॉन्टॅक्ट मॉडेल, म्हणजे दातांची प्रत्यक्ष टक्कर मोजणारं, घ्या. 1500 आरपीएमला या पिनियनचा एक दात 2 मिलिसेकंदांत जातो, म्हणजे 1 मिलिसेकंदाच्या स्टेपला दातामागे दोनच नमुने. 0.1 मिलिसेकंदावर या; पोलादाचा खरा कडकपणा भरला तर त्याहूनही बारीक स्टेप लागते आणि रन खूप लांबतो.

डॉक्युमेंटेशन हा कच्चा दुवा. आवृत्तीगणिक फंक्शनांची नावं बदलतात, म्हणून इंस्टॉल केलेल्या आवृत्तीबरोबर आलेला गिअरचा डेमोच उघडा आणि त्यात बदल करत पुढे जा.