कॉस्प्लेसाठी ईव्हीए फोम: चिलखत करायचंय तर हाच घ्या

अ‍ॅनिमेतल्या कॅरेक्टरसारखा वेश करायचा म्हणजे कॉस्प्ले, आणि त्या वेशाचं चिलखत स्वतःच्या हातानं करायचं असेल तर ईव्हीए फोम (शीटमध्ये मिळणारा मऊ, रबरासारखा फोम) घ्याच, मी छातीला १० मिमी, हातांना ५ मिमी आणि वरच्या नक्षीला २ मिमी वापरला आणि अख्खा सेट चढवून दिवसभर फिरले तरी खांदे दुखले नाहीत इतका हलका. खरी मजा हीट गनची! गरम हवा फिरवली की फोम किंचित चकाकतो, बारीक छिद्रं बंद होतात, मग हवा तसा वाकवायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही, तोच बाक टिकतो. सपाट शीटचं कवच होताना बघणं म्हणजे काय सुख आहे राव. कटरचं पातं सारखं बदला, बोथट झालं की कड फाटते. कॉन्टॅक्ट सिमेंट (हा एक गोंद) दोन्ही बाजूंना लावून थोडं सुकू द्या, मगच चिकटवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि घासताना मास्क लावाच. प्रायमर न मारता रंग दिला तर तडे जातात, माझ्या कोपराजवळ गेलेच. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, एका छोट्या मुलीनं खांद्यावरची नक्षी बोटानं चाचपली आणि "हे खरं लोखंड आहे का?" विचारलं, तिथेच सगळ्या जागरणांचं चीज झालं.